पाण्यात मळलेली भाकरी

व्यायामशाळेत नाव नोंदवताना जो कागद भरून द्यावा लागतो, त्यात आहारासाठी दोन चौकोन होते : शाकाहारी आणि मांसाहारी. मी पहिल्या चौकोनात खूण केली आणि पेन हातात तसेच धरून उभा राहिलो. वय बावन्न, कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवण्यात अर्धे आयुष्य गेलेले, आणि तरीही एवढ्याशा चौकोनासमोर आपण लोकांना काय सांगायला बांधील आहोत, याचा मी विचार करत होतो. शेवटी बाजूच्या मोकळ्या जागेत बारीक अक्षरांत लिहिले, 'दूध, दही, तूप घेत नाही.'

प्रशिक्षक तिशीतला, शहराच्या जुन्या भागात वाढलेला. त्याने कागद वाचला, मग मला खालपासून वरपर्यंत पाहिले.

"सर, ये क्या लिखे तुम? दूध नै, दही नै. अंडा?"

"नाही."

"पनीर तो खाते होंगे?"

"ते दुधाचेच असते."

"तो फिर बॉडी काहे की बनाना सर? हवा की?"

बाकावर बसलेले दोघे हसले. त्यांच्याबरोबर मीही हसलो. अशा वेळी दुसरे काय करायचे, हे मला आजवर उमगलेले नाही.

तिथे जायची वेळ आली ती गॅसच्या सिलिंडरमुळे. शहरातल्या गारखेडा भागात तिसऱ्या मजल्यावर मी एकटा राहतो. लग्न केले नाही. त्यामागे सांगण्यासारखी कथाही नाही, विचारायचे तेव्हा मी विचारले नाही, एवढेच. एके दिवशी भरलेले सिलिंडर दाराबाहेर ठेवून माणूस निघून गेला आणि मला ते उंबऱ्यावरून आत घेता येईना. तीनदा प्रयत्न केला. चौथ्या वेळी समोरच्या दारातल्या बाई, माझ्याहून वयाने मोठ्या, बाहेर आल्या आणि सिलिंडर त्याच्या बुडाच्या कडेवर तिरपे करून गोल फिरवत थेट ओट्याखाली नेऊन ठेवले. जाताना म्हणाल्या, "जेवत जा हो सर." त्या आठवड्यात डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी माझा दंड दोन बोटांत धरून पाहिला आणि स्नायू झिजत चालले आहेत, वजने उचला, प्रथिने वाढवा, असे सांगितले. प्रथिने म्हणजे काय, हे मी फळ्यावर इतक्यांदा काढून दाखवले होते. माझ्या दंडात ती असावी लागतात, हे मात्र माझ्या मनात कधी आले नव्हते.

दूध मी त्याआधी दोन वर्षे सोडले होते. रोज सकाळी किटली घेऊन जवळच्या एका गोठ्यावर जात असे. एकदा तिथे एका म्हशीपुढे रेडकू उभे केलेले दिसले. ते हलत नव्हते. जवळ गेल्यावर पोटाच्या शिवणीतून पेंढा बाहेर आलेला दिसला. म्हैस ते चाटत होती आणि मागे धार काढणे चालू होते. मी मेंढरे राखणाऱ्या घरातला आहे. कातड्याचा उपाय मला अनोळखी नव्हता. कोकरू मेले की त्याचे कातडे दुसऱ्या पोरक्या कोकराच्या पाठीवर बांधायचे, म्हणजे मेंढी त्याला हुंगून जवळ घेते, हे माझ्या बहिणीने मला लहानपणी दाखवले होते. आमच्याकडे त्या कातड्याखाली एक भुकेले कोकरू असे. इथे पेंढा होता. त्या दिवशी रिकामी किटली घेऊन परत आलो आणि पुन्हा तिकडे गेलो नाही. मांस आणि अंडी त्याआधीच सुटली होती. यात मोठे तत्त्वज्ञान काही नव्हते, म्हणूनच कोणी कारण विचारले की मला ते सांगता येत नसे.

आमच्या भागात चहा हे केवळ पेय नसते. कोणाच्या दारात गेले की आधी चहा, मग काम. जो चहा नको म्हणतो तो माणसालाच नको म्हणतो, असे धरले जाते. प्राध्यापक-कक्षात मी कोरा चहा मागू लागलो, तेव्हा पहिले काही दिवस सगळ्यांनी पित्ताचा त्रास समजून चौकशी केली. कारण कळल्यावर चौकशी थांबली आणि थट्टा सुरू झाली. "सर माळ घातली का?" "सर आता नुसत्या ऑक्सिजनवर." त्यात दुष्टपणा नव्हता. पण कोणाच्या घरी वास्तुशांत असली की "तुमच्या पानात काय वाढावं, तेच कळत नाही हो सर" असे आधीच म्हणून घेत, आणि पुढच्या वेळी निरोप येत नसे. मी तो मागितलाही नाही.

या सगळ्याचे मला फारसे दुःख झाले नाही. ज्या एका माणसाला सांगायचे होते, ती माझी बहीण.

आक्का माझ्यापेक्षा चौदा वर्षांनी मोठी. मी दीड वर्षाचा असताना आई गेली. वडील मेंढरे घेऊन महिनोन्‌महिने बाहेर असत. आक्काने मला शेळीच्या दुधावर वाढवले. ती सांगते की ठराविक एका पांढऱ्या शेळीचेच दूध मला पचे, आणि ती शेळी विकायला काढली तेव्हा आक्का वडिलांशी दोन दिवस बोलली नव्हती. देवगाव रंगारीजवळच्या आमच्या वस्तीवरच तिचे लग्न झाले. आता ती विधवा आहे, मुले-बाळे नाहीत, पाच शेळ्या आहेत.

दिवाळीत गेलो तेव्हा तिला सांगितले. ती धार काढत होती. हात थांबले नाहीत.

"कुणाचंच नाय?"

"कुणाचंच नाही, आक्का."

"माझ्या हातचं बी नाय?"

तिने चरवी उचलली, शेळीच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाली, "आधीच काडी हायस. पाच वर्षांत हाडं राहतील नुसती. मग मी म्हातारी तुला पाठुंगळीवर घिऊन हिंडू काय?"

ते ती हसत म्हणाली नाही. ज्या लेकराला दुधाने जगवले, ते दुधाविना मरणार, अशी तिला खरोखरीच धास्ती होती. त्या दिवशी मनाशी एक गोष्ट ठरली. वाद घालण्याचा माझा पिंड नाही. तिला पटवणे मला शब्दांनी जमले नसते. दंड कमावून तिच्यासमोर उभे राहायचे, म्हणजे तिची धास्ती आपोआप जाईल. सिलिंडर निमित्त झाले; व्यायामशाळेच्या कागदावर मी सही केली ती यासाठी.

व्यायामाला लागल्याचे तिला फोनवर सांगितले. पुढच्याच शनिवारी तिकडून येणाऱ्या एसटीतून एक गाठोडे आले. पांढऱ्या फडक्यात तीळ लावलेल्या बाजरीच्या डझनभर भाकऱ्या, शेंगदाण्याची चटणी, कारळाची चटणी, भाजलेले हरभरे. फोनवर म्हणाली, "वजनं उचलायची तर पोटात कायतरी पायजे ना. दूध नाय म्हनतोस तर भाकर तरी खा."

मला वाटले, तिने मान्य केले. त्या विचाराने मी त्या दिवशी बसस्थानकापासून घरापर्यंत गाठोडे छातीशी धरून चालत आलो.

पुढे दहा महिने हा क्रम चालला. शनिवारी दुपारी बसस्थानकावर जायचे. ओळखीचा झालेला कंडक्टर गाठोडे खिडकीतून देई. भाकऱ्या बुधवार-गुरुवारपर्यंत पुरवायच्या. बाकी मटकी, सोयाबीन, तूर, शेंगदाणे, जवस मी स्वतः रांधत होतो. धान्यात जे कमी असते ते डाळीत असते, हा धडा मी पाठ्यपुस्तकातून शिकवला होता. आता तो ताटात मांडत होतो. सुरुवातीला नुसती दांडी उचलतानाही हात थरथरत. माझ्या शेजारी व्यायाम करणारे लोक आरशात पाहत. मी जमिनीकडे पाहत असे. तासभर तिथे असलो तरी एखादे वाक्यही बोललो नाही, असे दिवस पुष्कळ गेले. तरीही वजने हळूहळू वाढत गेली. शर्ट दंडाला घट्ट होऊ लागले. आठव्या महिन्यात सिलिंडर आले, तेव्हा ते दोन्ही हातांनी उचलून, उंबरा ओलांडून, ओट्यापर्यंत नेले आणि आवाज न करता खाली ठेवले. मागे वळून पाहिले. समोरचे दार बंद होते.

प्रशिक्षकाचा सूरही बदलला होता. नवीन कोणी दुधाच्या पावडरीचा डबा घेऊन आला की तो मला बोलावून घेई. "ये सर को देखो. एक बूँद दूध नै. भाकर खाके बनाए." मला संकोच वाटे, आणि खरे सांगायचे तर आवडतही असे. एके दिवशी तो म्हणाला, "सर, इतवार को सबके सामने दस मिनिट बोलो ना. क्या खाते, कैसा खाते." वर्गाबाहेर मी कधी कोणासमोर बोललो नव्हतो, स्वतःविषयी तर नाहीच. मी हो म्हणालो, याचे मलाच आश्चर्य वाटले.

त्या भाषणासाठी भाकरीचे नेमके प्रमाण विचारायचे, असे निमित्त काढून शुक्रवारी दुपारी मी गावी गेलो. खरे कारण म्हणजे तिला दंड दाखवायचे होते. अर्ध्या बाह्यांचा शर्ट घातला होता. आक्काने दारातच माझा दंड दाबून पाहिला, दुसरा दाबून पाहिला, आणि वस्तीवरच्या बायकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "बैलावानी झालाय की." मी आयुष्यात कमावलेल्या कोणत्याही पदवीने मला इतका आनंद दिला नव्हता.

सकाळी उठलो तेव्हा ती चुलीपुढे बसली होती. माझ्यासाठीच्या भाकऱ्या चालल्या होत्या. काठवटीत बाजरीचे पीठ, त्यावर मीठ आणि तीळ. मी वही घेऊन शेजारी बसलो. तिने बाजूची चरवी उचलली आणि नुकतेच काढलेले, फेस न मोडलेले दूध पिठात ओतले.

मी वही मिटली.

"आक्का, हे काय घातलंस?"

"पीठ भिजवते."

"दुधात?"

तिने माझ्याकडे असे पाहिले, जणू सूर्य कोणत्या दिशेला उगवतो, असे मी विचारले होते. "मग? वाटंला लावायची भाकर पाण्यात मळत्यात व्हय?"

आणि मला सगळे आठवले. आमच्या घरात शेतावर नेण्याची भाकरी पाण्यात मळत. ती त्याच दिवशी खायची असे. माणूस वाटेला लागणार असेल, दोन-चार दिवस घराबाहेर राहणार असेल, तर त्याच्यासाठी पीठ दुधात मळायचे. तिला दशमी म्हणतात. ती वाळत नाही, विटत नाही. वडील कळपाबरोबर निघत तेव्हा त्यांच्या घोंगडीत दशम्या असत. सोळाव्या वर्षी मी शहरातल्या वसतिगृहात राहायला आलो, तेव्हा आक्काने अशाच पांढऱ्या फडक्यात दशम्या बांधून दिल्या होत्या आणि मुले हसतील म्हणून मी त्या खोलीचे दार लावून खाल्ल्या होत्या. हे सगळे मला माहीत होते. दहा महिने चौथ्या दिवशीही मऊ राहणारी, दुमडली तरी न तुटणारी बाजरीची भाकरी मी खात होतो. तो मऊपणा तिळाच्या तेलामुळे असावा, असे मी, रसायनशास्त्राच्या शिक्षकाने, स्वतःला समजावले होते.

"दर वेळी दुधातच मळत होतीस?"

"दर येळीच. नाय तर कशात?"

"मी दूध सोडलंय, ते तुला सांगितलं होतं ना?"

"सांगितलं व्हतं. मी काय तुला प्यायला दिलं? पीठ भिजवाया लागलं तेवढं घातलं." तिचे हात मळत होते. तिच्या बोलण्यात चोरटेपणा तिळभरही नव्हता. मग तिने पिठाच्या बोटांनीच माझ्या दंडाकडे दाखवले आणि पहिल्यांदा हसली. "आन् बघ की, अंगी लागलं का नाय."

जे दंड दाखवून मला तिची धास्ती घालवायची होती, ते तिच्या लेखी तिच्याच शेळ्यांच्या दुधाचे होते. मनातल्या मनात मी हिशेब करू लागलो : बारा भाकऱ्यांना अर्धा-पाऊण लिटर दूध, त्यातली प्रथिने आठवड्याची धरली तरी माझ्या एका दिवसाच्या उसळींइतकी भरणार नाहीत. हिशेब बरोबर होता. तिला तो सांगण्यात काही अर्थ नव्हता.

"आक्का, आता माझ्यासाठी पाण्यात मळत जा."

"पाण्यातली वाटंला नाय लावायची मी. आईनं नाय लावली, आजीनं नाय लावली. पाण्यातली बांधून द्यायला तू काय रोजानं लावलेला गडी हायस?"

"मग देऊ नकोस."

हे मी इतक्या हळू बोललो की तिला ऐकू गेले नसावे, असे वाटले. पण ते तिला ऐकू गेले होते. थोड्या वेळाने ती काठवटीकडे पाहतच म्हणाली, "पाण्यातली सांजच्याला खापर व्हती. तिथं तुला ऊन भाकर थापून द्यायला कोण हाय?"

याचे उत्तर आम्हा दोघांनाही ठाऊक होते. तिने उरलेल्या भाकऱ्या थापल्या, भाजल्या, एकावर एक रचल्या. मी निघालो तेव्हा त्या तशाच टोपलीत होत्या. मी चप्पल घालत असताना ती म्हणाली, "शेरडास्नी घालीन. त्यांचं त्यास्नी." ती रस्त्यापर्यंत आली नाही. यापूर्वी असे कधी झाले नव्हते.

रविवारी व्यायामशाळेत गेलो आणि प्रशिक्षकाला बाजूला घेऊन सगळे सांगितले. तो आधी गोंधळला, मग हसू लागला.

"अरे सर, आटे में कितना दूध रहेंगा? ये कोई बोलने की बात है क्या? किसको मालूम पडता?"

"मला माहीत आहे ना."

"तुम बी कमाल करते, सर."

पंधरा-वीस माणसे जमली होती. दहा मिनिटांचे भाषण मी दोन मिनिटांत संपवले. गेले दहा महिने माझ्या भाकरीत, मला नकळत, दूध होते. तेव्हा 'एक थेंबही नाही' हे विधान माझ्याबाबतीत खरे नाही. आजपासून पुन्हा पहिला दिवस धरावा, एवढे सांगितले. मागून कोणी तरी म्हणाले, "तो पुराना वाला कॅन्सल?" हशा पिकला. एकाने विचारले, "घरवाल्यांनी फसवलं का सर?" मी मान हलवून नाही म्हणालो. तिने फसवले नव्हते. पण ते तिथे सांगायचे तर वडिलांच्या घोंगडीपासून सुरुवात करावी लागली असती. त्यानंतर प्रशिक्षक नवीन लोकांपुढे मला बोलावीनासा झाला. पुन्हा तासतासभर कोणाशी न बोलता मी व्यायाम करू लागलो.

पुढच्या शनिवारी सवयीने बसस्थानकावर गेलो. कंडक्टरने दुरूनच हात हलवून नाही म्हटले. त्याच्या पुढच्या शनिवारीही गेलो, तेव्हा त्याने विचारले, "आक्का बरी हाय ना सर?" बरी आहे, म्हणालो. फोनवर ती बोलत होती. पाऊस, शेळ्या, गुडघा, सगळे सांगत होती. भाकरीचा विषय दोघेही काढत नव्हतो.

दुकानातून बाजरीचे पीठ आणून मी स्वतः प्रयत्न केला. बाजरीत पीठ धरून ठेवणारा चिकटपणा नसतो, याचे कारण मी विद्यार्थ्यांना समजावून सांगू शकतो. त्याने भाकरी थापली जात नाही. कधी काठ फाटत, कधी उचलतानाच दोन तुकडे होत. ते तुकडे आमटीत बुडवून खात होतो. आता वजन उचलताना हात थरथरत नव्हते. भाकरी तव्यावर टाकताना मात्र थरथरत.

पाचव्या शनिवारी जाऊ नये, असे ठरवले होते, तरी गेलो. कंडक्टरने खिडकीतून पांढरे गाठोडे काढले. "घ्या. मला म्हनली, सांभाळून ने, सांडंल."

गाठोडे हातात घेताच वेगळे लागले. भाकऱ्यांची चळत हाताला कळते. हे मऊ होते, दाबले तिकडे दबत होते. घरी येऊन गाठ सोडली. गाठ तीच, नेहमीची, दोनदा फिरवून आत खोचलेली. आत बाजरीचे ताजे दळलेले पीठ होते. एका कोपऱ्यात मीठ आणि तिळाची पुरचुंडी. बाकी काही नाही.

मी फोन लावला.

"आक्का, पीठ मिळालं."

"व्हय."

तिच्या बाजूला शेळीचा आवाज आला.

"पाणी उकळतं घे," ती म्हणाली. "कोमट घेतो असशील तू. आन् समदं एकदम भिजवू नको, एका भाकरीपुरतं घे. लई मळ. तळहातानं मळ, बोटांनी नाय. आता जोर हाय ना अंगात, मग मळ की."

"मळतो."

"फाटली तर फाटू दे. खायला तूच हायस."

त्या दुपारी मी उकळत्या पाण्यात एका भाकरीपुरते पीठ भिजवले आणि तिने सांगितले तसे मळले. भाकरी एका बाजूने फाटली, पण तव्यावर पडली आणि मधोमध थोडी फुगली. ती मी उभ्यानेच, ओट्याशी, चटणीबरोबर खाल्ली. मग तशीच दुसरी केली आणि संध्याकाळसाठी ठेवली. संध्याकाळपर्यंत ती आक्काने सांगितले होते तशीच खापरासारखी झाली होती, आणि तीही मी खाल्ली.

उरलेले पीठ डब्यात भरताना पाहिले, ते जेमतेम आठवडाभर पुरेल एवढेच होते. बाजरीचे पीठ त्याहून फार टिकत नाही. त्यातले तेल हवेने कडवट होते. हे मी पुस्तकात वाचले आहे. आक्काला ते न वाचता माहीत आहे. रिकामे फडके मी धुतले, वाळत घातले, आणि पुढच्या शनिवारी कंडक्टरकडे परत द्यायचे म्हणून घडी करून दाराजवळ ठेवले.